'मॅश'मधला 'ड्रीम्स' हा भाग: कुणाला झेपला?

मोडीवाचक (धागाकर्ता), शुक्रवार

'मॅश' न पाहिलेल्यांसाठी आधी थोडक्यात. कोरियन युद्ध, १९५० ते १९५३. आघाडीच्या मागे तंबूंमध्ये थाटलेलं अमेरिकन लष्कराचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय, नंबर ४०७७. सक्तीच्या भरतीत ओढून आणलेले सर्जन, करड्या शिस्तीची मेजर नर्स, पाद्री, वेडा ठरवून घरी पाठवतील या आशेवर वर्षानुवर्षं बायकी कपडे घालणारा क्लिंगर. मालिका सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सप्टेंबर १९७२ ते फेब्रुवारी १९८३ चालली, म्हणजे तीन वर्षांचं युद्ध अकरा वर्षं पुरवलं. खाक्या विनोदी मालिकेचा: अर्ध्या तासाचा भाग, मागे ध्वनिमुद्रित हशा.

आता मुद्दा. आठव्या सीझनमधला 'ड्रीम्स', पहिलं प्रक्षेपण १८ फेब्रुवारी १९८०. लेखन आणि दिग्दर्शन ॲलन आल्डाचं, म्हणजे मालिकेचा नायक, सर्जन हॉकआय झालेल्या नटाचंच. कथा त्याची आणि जेम्स जे रुबिनफायरची. जखमींची रीघ थांबत नाही, सगळे दिवसाहून जास्त वेळ जागे आहेत. ज्याला दहा मिनिटं मिळतील तो मिळेल तिथे लवंडतो आणि आपण त्याच्या स्वप्नात शिरतो. बोलणं फार थोडं. हशा अजिबात नाही.

मेजर नर्स मार्गारेट पांढऱ्याशुभ्र लग्नाच्या पोशाखात, उघड्या माळावर पलंग मांडलेला. नवरा सैनिकांबरोबर निघून जातो, पलंगावर जखमी येऊन पडतात, आणि तिचा पोशाख रक्ताने माखतो. सर्जन बी.जे. बायकोबरोबर नाचतोय, मधेच त्याला शस्त्रक्रियेला बोलावतात आणि ती दुसऱ्यांबरोबर नाचत दूर जाते. फादर मल्केही पोप झालाय. समोरच्या धर्मग्रंथावर रक्ताचे थेंब पडायला लागतात, वर बघतो तर क्रुसावर जखमी सैनिक. क्लिंगर आपल्या टोलेडोला पोचतो, गाव रिकामं, आणि काचेतून आत बघतो तर तिथे ऑपरेशन थिएटर. सर्जन विंचेस्टर जादूगार होऊन जादूचे प्रयोग करत राहतो, समोरचा पेशंट मात्र मरतोय. हॉकआयचं स्वप्न सगळ्यात भयंकर, ते सांगत नाही, बघा.

माझं म्हणणं असं की हा भाग मालिकेतून फुटून बाहेर पडलेला वगैरे नाही. आठ वर्षं ही माणसं जागेपणी अखंड टिंगलटवाळी करत आली, कारण ती थांबली तर काय दिसेल हे त्यांना ठाऊक आहे. झोपेत कोटी सुचत नाही. म्हणून जे दिसायचं ते दिसतं. आपण प्रेक्षकसुद्धा त्या कोट्यांच्या आडोशाला बसून आठ सीझन युद्ध बघितलेलं असतं. इथे आडोसा काढून घेतात म्हणून एवढी चिडचिड होते.

परदेशी चाहत्यांत सरळ दोन तट आहेत. कुणाच्या सर्वोत्तम यादीत हा भाग वर, कुणी दर वेळी तो वगळून पुढे जातं. आपल्याकडे काय?

तिरपागडा, शुक्रवार

वगळून पुढे जाणाऱ्यांत माझं नाव पहिलं टाका.

आडोसा वगैरे सगळं छान लिहिलंय, पण भाग बघताना काय होतं ते सांगतो. पहिलं स्वप्न: सुंदर सुरुवात, मग रक्त. अंगावर काटा आला, कबूल. दुसरं: सुंदर सुरुवात, मग रक्त. तिसऱ्यापासून मी घड्याळ बघायला लागलो. साचा एकदा कळला की पुढे फक्त सामान बदलतं, इथे पलंग, तिथे घंटा, पलीकडे आगगाडी. स्वप्नं अशी नसतात हो. माझ्या स्वप्नात गणिताच्या पेपरला शाळेतले सर बसच्या कंडक्टरच्या वेशात येतात आणि सुट्टे मागतात. त्याचा अर्थ मलाही लागत नाही. 'ड्रीम्स'मधली स्वप्नं मात्र निबंधासारखी: मुद्दा, उदाहरण, निष्कर्ष.

आणि आल्डासाहेब उत्तरार्धात प्रवचनकार झाले होते हे माझं जुनं मत आहे. पहिली चार वर्षं मूळ लेखक लॅरी गेलबार्टच्या हातात मालिका होती, तेव्हा हसता हसता कधी चिमटा बसला ते कळायचं नाही. नंतर चिमटा आधी दाखवायचे, मग काढायचे.

खमंग_चकली, शुक्रवार

सुट्टे मागणारे सर, लोल. मी फक्त वाचायला आलेय. पॉपकॉर्न घेतलेत.

डॉ_भूलभुलैया, शुक्रवार

भूलतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं बोलतो.

तिरपागडा, स्वप्नं अशी नसतात हे निवांत आठ तास झोपणाऱ्या माणसाचं खरं. रेसिडेन्सीत सलग ड्युट्या करून जो डुलकी घेतो त्याची झोप वेगळी असते. डोळा लागला न लागला तोच मेंदू काम पुढे सुरू करतो. मी थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपलोय आणि झोपेत मॉनिटरचा आवाज ऐकून दचकून उठलोय, तर मॉनिटर भिंतीपलीकडे खराच वाजत होता. बाहेरचा आवाज, वास, सगळं आत शिरतं. त्यामुळे प्रत्येक स्वप्नाचा शेवट थिएटरमध्ये होणं मला साचा वाटत नाही. त्या झोपेला दुसरीकडे जायला रस्ताच नसतो.

धागाकर्त्याने हॉकआयचं स्वप्न सांगायचं टाळलंय. मी सांगणार, कारण त्यात एक गोष्ट दडलीय. ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

हॉकआय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात आहे. प्राध्यापक त्याला विचारतात, तुटलेला अवयव परत कसा जोडायचा? त्याला उत्तर येत नाही. मग प्राध्यापक त्याचेच हात काढून घेतात, दुकानातल्या पुतळ्याचे काढावेत तसे. पुढे तो पाण्यात नावेत बसलाय, भोवती हातपाय तरंगतायत, आणि समोर जखमी पोर आहे. त्याच्याकडे हात नाहीत. तो ओरडतो.

आता गंमत बघा. कोरियन युद्धाच्या काळात पूर्ण तुटलेला हात परत जोडून दाखवलेला सर्जन जगात कुठे नव्हता. पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६२ साली झाली, बारा वर्षांच्या मुलावर. म्हणजे त्या वर्गात हॉकआयला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्राध्यापकांकडेही नव्हतं. तरी नापास कोण? जो समोर उभा आहे तो. ज्याने कधी ना कधी नातेवाइकांना बाहेर येऊन 'आम्ही प्रयत्न केले' असं सांगितलंय त्याला हे स्वप्न निबंधासारखं वाटणार नाही.

आणि कोरियात अवयव वाचवण्याचंच काम मोठं झालं, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात मोठी धमनी फाटली की ती बांधून टाकायचे, आणि अशा जखमींपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांचा हात किंवा पाय कापावा लागे. कोरियात सर्जन धमनी शिवायला किंवा तिथे दुसरा तुकडा जोडायला लागले, आणि ते प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. रुग्णालयात पोचलेल्या जखमींचा मृत्युदरही साधारण ४.५ टक्क्यांवरून २.५ वर उतरला; हेलिकॉप्टर आणि हे तंबूतले दवाखाने दोन्ही त्याला कारण. म्हणजे ही माणसं त्यांच्या काळातलं सर्वात चांगलं काम करत होती. स्वप्नात मात्र उरलेले तेरा येतात.

वैनतेयी, शनिवार

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा.

तिरपागडा, तुमच्या साच्याला एक मोठं भोक आहे, छावणीप्रमुख कर्नल पॉटरचं. म्हाताऱ्याच्या स्वप्नात घोडा येतो, लहानपणचं घर येतं, आई हाक मारते. बस. भीषण असं काही होत नाही. बाकी सगळ्यांच्या सुखाच्या जागेत युद्ध घुसतं आणि पॉटरच्या मात्र नाही. का? तो पहिल्या महायुद्धापासून लढाया बघत आलाय. एक तर त्याने या सगळ्याशी तह केलाय, नाहीतर त्याचं घर इतकं लांब गेलंय की तिथे तोफा पोचत नाहीत. मला दुसरं खरं वाटतं आणि ते जास्त उदास आहे. बी.जे.ला निदान परत जायला घर आहे, म्हणूनच ते हिसकावलं जातं.

मार्गारेटबद्दलही. सुरुवातीच्या सीझनमध्ये तिला 'हॉट लिप्स' म्हणून किती स्वस्तात वापरलं होतं ते आठवा. तंबूचा आडोसा पाडून तिला अंघोळ करताना सगळ्या छावणीने बघायचं, याला मालिकेआधीच्या 'मॅश' सिनेमात विनोद म्हणत होते. त्या बाईला इथे एक स्वप्न मिळतं आणि त्यात तिला काय हवंय? लग्न. तेही लग्न मोडून झाल्यावर. लष्करी घरात वाढलेली, हुद्द्याने मेजर, सगळ्यांना धाकात ठेवणारी. नवरा गेल्यावर ती त्याच पोशाखात जखमींकडे वळते, तिथे मला रडू आलं होतं. लेखक बाई असती तर कदाचित लग्नापलीकडचं काही दिलं असतं, ही तक्रार आहेच. पण लोरेटा स्विटने एकही वाक्य न बोलता जे केलंय त्याला तोड नाही.

तिरपागडा, शनिवार

वैनतेयी, पॉटरचं स्वप्न मलाही आवडतं. पण तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. एक स्वप्न वेगळं लिहिता आलं म्हणजे बाकी सहाही वेगळी लिहिता आली असती.

डॉक्टर, तुमचं पटतं, पण एक सांगा, जे तुम्हाला भिडलं ते पडद्यावर होतं की तुमच्या डोक्यात? १९६२ची शस्त्रक्रिया प्रेक्षकाला माहीत असायला हवी ही अपेक्षा जरा जास्तच.

आणि प्रयोगच बघायचा तर 'द इंटरव्ह्यू' बघा. चौथ्या सीझनचा शेवट, फेब्रुवारी १९७६. कृष्णधवल. अमेरिकन वार्ताहर छावणीत येऊन एकेकाला प्रश्न विचारतोय, इतकंच. तो वार्ताहर क्लीट रॉबर्ट्स प्रत्यक्षात पत्रकार होता आणि खऱ्या कोरियन युद्धाचं वार्तांकन करून आलेला होता. नटांना प्रश्न देऊन पात्राच्या तोंडून स्वतः उत्तरं द्यायला लावली, त्यातली बरीच वापरली. त्यात फादर मल्केही सांगतो: थंडी इतकी असते की पेशंटचं पोट उघडलं की वाफ निघते, आणि डॉक्टर त्या वाफेवर हात शेकतात. हे बघून माणूस बदलल्याशिवाय राहील का?

हे एवढंच. ना रक्त दाखवलं, ना क्रूस. 'ड्रीम्स'ने सात स्वप्नांत जे सांगितलं ते त्या माणसाने उभ्या उभ्या सांगितलं, आणि मला ते इतक्या वर्षांनीही पाठ आहे.

मोडीवाचक, शनिवार

'द इंटरव्ह्यू' थोर आहेच, त्यावर भांडण नाही. पण दोन्हींत फरक आहे. मुलाखतीत मल्केही शुद्धीवर आहे. कॅमेऱ्यासमोर आहे, शब्द निवडून बोलतोय, ऐकणाऱ्याच्या मनावर काय होईल याचं त्याला भान आहे. म्हणून ते वाक्य इतकं घडीव येतं. 'ड्रीम्स'मधल्या मल्केहीला कुणी प्रश्न विचारलेला नाही आणि त्याला काही सांगायचंही नाही. पोपचा झगा हा त्याचा गुपचूप जपलेला मोठेपणा आहे, दिवसा तो कुणाजवळ बोलणार नाही. रक्ताइतकंच ते उघडं पडणं मला बघवलं नाही. साध्याभोळ्या फादरला आपण पोप व्हायचंय हे आपल्याला कळायला नको होतं.

जुनाट_रेडिओ, शनिवार (न्यू जर्सी)

उशिरा येतेय, धागा आत्ता दिसला. माझा थोडा वेगळा अनुभव.

मी इकडे आले तेव्हा मूळ मालिका संपलेली होती, पण स्थानिक चॅनेलवर रोज संध्याकाळी जुने भाग लागायचे. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि 'मॅश' एकाच वेळी. रोजचं म्हणजे कुठलाही सीझन, कुठलाही भाग. काल पॉटरच्या आधीचा प्रमुख कर्नल ब्लेक जिवंत, आज पॉटर, उद्या पुन्हा ब्लेक. अशा गोंधळात एके संध्याकाळी 'ड्रीम्स' आला. पोळ्या लाटताना कानावर हशा पडला नाही म्हणून मान वर करून बघितलं. आवाज बिघडलाय असंच वाटलं. रक्ताने भरलेला लग्नाचा झगा आणि त्याला लागून लगेच कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात. ही माझी पहिली ओळख. नंतर ते दहा वेळा बघितलं असेल, पण आधी ऐकू आलं ते न आलेलं हसणं.

त्या हशाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स यांना तो नकोच होता. सीबीएसचा हट्ट, की विनोदी मालिका आहे तर हसू ऐकू यायला हवं. तडजोड झाली ती ऑपरेशन थिएटरवर: जिथे पोटं उघडलेली आहेत तिथे हशा वाजवायचा नाही. मोजक्या भागांना तो पूर्णच वगळला, त्यात 'ओ.आर.', 'द इंटरव्ह्यू', 'पॉइंट ऑफ व्ह्यू' आणि 'ड्रीम्स'. इंग्लंडात बीबीसीने सगळी मालिकाच हशाविना दाखवली. माझ्या तिकडच्या नणंदेला 'मॅश' ही विनोदी मालिका आहे हे मी सांगितलेलं पटलं नव्हतं.

तेव्हा तिरपागडा, तुमच्या रागाचं एक कारण ते असू शकेल. भारतात केबलवर आणि नंतर सीडीवर आपण हशासकट शिकलो. हसायचं कुठे हे दुसऱ्याने सांगायची सवय.

तिरपागडा, शनिवार

ताई, मी डीव्हीडीवर बघितलीय आणि त्यात हशा बंद करायची सोय आहे. पहिल्या दिवसापासून बंद. वर कुणी हसलं की मी मुद्दाम हसत नाही, स्वभाव आहे.

खमंग_चकली, शनिवार

'तिरपागडा' हे नाव घेताना तुम्ही विचार केला होता हे कळलं.

प्रश्न: लोक तेव्हाही एवढे चिडले होते का?

जुनाट_रेडिओ, रविवार

'ड्रीम्स'पेक्षा कितीतरी जास्त चिडले ते 'ॲबिसिनिया, हेन्री'वर. मार्च १९७५, तिसऱ्या सीझनचा शेवट. कर्नल ब्लेकची सुटका झालेली, घरी निघालाय, निरोप, मिठ्या, सगळं. शेवटच्या दृश्यात छावणीचा कारकून रडार थिएटरमध्ये येऊन सांगतो की ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. मुख्य पात्र असं मारायची तेव्हा विनोदी मालिकेत रीत नव्हती. संहितेचं ते शेवटचं पान नटांनाही अगदी चित्रीकरणाआधीपर्यंत दाखवलं नव्हतं. पत्रांचा पाऊस पडला. लोकांचं म्हणणं, आम्ही हसायला बसलो होतो, पोरं सोबत होती, तुम्ही फसवलंत.

त्याच्याही आधी, पहिल्याच सीझनमध्ये हॉकआयचा मित्र टेबलावर मरतो तो भाग केला, तेव्हा वाहिनीच्या एका साहेबाने 'हा काय प्रकार, सिच्युएशन ट्रॅजेडी?' असं सुनावल्याचं निर्माते सांगत असत.

वैनतेयी, रविवार

हे महत्त्वाचं आहे. ब्लेक गेला तेव्हा प्रेक्षक दुखावला, पण त्याला कळलं की काय झालं. माणूस मेला. रडलं, पत्र लिहिलं, मोकळं झालं. 'ड्रीम्स'मध्ये कुणीच मरत नाही (विंचेस्टरचा पेशंट सोडला तर, आणि तोही स्वप्नात). भाग संपतो तेव्हा सगळे मेसमध्ये कॉफी पीत बसलेत, कारण झोपायला कुणी तयार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा नेहमीचा भाग, कुणी या स्वप्नांबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे राग कुणावर काढायचा तेच कळत नाही, मग तो लेखकावर निघतो. 'प्रवचन', 'साचा' वगैरे.

(पुढे स्पॉयलर.) आणि ते पुसलं जातं असंही नाही. शेवटच्या भागात, फेब्रुवारी १९८३ मध्ये, हॉकआय मनोरुग्णालयात आहे आणि बसमधली कोंबडी आठवतोय, जी कोंबडी नव्हतीच, तान्हं मूल होतं. ते बघणारे अमेरिकेत साडेदहा कोटींच्या वर लोक होते. 'ड्रीम्स'मध्ये त्या नावेजवळ जखमी पोर कशाला होतं हे मला तेव्हा लागलं.

तिरपागडा, रविवार

शेवटच्या भागाशी जोडलंत हे चांगलं जमलंय. तरी 'राग कुणावर काढायचा कळत नाही म्हणून लेखकावर' हे मला लागू नाही. माझा राग पहिल्यापासून लेखकावरच आहे.

फौजी_आबा, रविवार

थोडं अवांतर करतो, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

इथे कोरियाचा विषय निघाला आणि कुणालाच आपले डॉक्टर आठवले नाहीत? भारताने लढाऊ सैन्य पाठवलं नाही, पाठवली ती '६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स' ही लष्करी वैद्यकीय तुकडी. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्यांचे प्रमुख, नोव्हेंबर १९५० मध्ये पोचले. डिसेंबरमध्ये चिनी फौजांच्या रेट्यापुढे प्याँगयांगमधून माघार सुरू झाली. गाड्या नाहीत, सामान टाकून निघा असा हुकूम. सामान टाकलं तर पुढे शस्त्रक्रिया कशाने करणार? यांनी एक आगगाडीचं इंजिन शोधलं, तुकडीत ते चालवता येणारे जवान निघाले, बादल्यांनी पाणी भरून बॉयलर पेटवला आणि पूल उडवायच्या आत सगळं सामान नदीपार आणलं. मार्च १९५१ मध्ये रंगराज आणि त्यांचे काही लोक अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नी इथे विमानातून उतरले. रंगराजना महावीर चक्र मिळालं. तीच तुकडी फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात दवाखाना घेऊन गेली होती.

आणि आपला माणूस हवा असेल तर युद्धबंदीनंतर परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तर थोरात स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं.

यांच्या स्वप्नात काय येत असेल याचा विचार केला मी हा धागा वाचून.

तिरपागडा, रविवार

आबा, त्या इंजिनावर कुणी मालिका काढली तर मी एकही भाग वगळणार नाही. शब्द देतो.

डॉ_भूलभुलैया, रविवार

आबा, सामानाचं अगदी खरं. भुलीचं यंत्र हातातून गेलं की सर्जन कितीही थोर असो, बाहेर बसून राहतो.

तिरपागडा यांचा प्रश्न राहिला होता: पडद्यावर की माझ्या डोक्यात? १९६२ माहीत असायची गरज नाही. पडद्यावर एवढं दिसतं की शिक्षक विचारतोय, विद्यार्थी गप्प आहे आणि वर्ग बघतोय. ती लाज ओळखीची असते, ती ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. तुमच्या कंडक्टर झालेल्या गणिताच्या सरांचंही तेच चाललंय, फक्त ते सुट्टे मागतात.

मोडीवाचक, रविवार

हा हा. डॉक्टरांनी तिरपागडांच्या स्वप्नाचा अर्थ लावला, धाग्याचे पैसे वसूल.

विंचेस्टरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. बॉस्टनचा गर्भश्रीमंत, हार्वर्डचा, संगीताचा शौकीन, 'मी एका वेळी एकच गोष्ट करतो आणि ती उत्तम करतो' हा त्याचा तोरा. याला स्वप्नात काय व्हायला लागतं, तर जत्रेतला जादूगार. समोर पेशंट, आणि हा काही ना काही काढून दाखवतोय, नाचतोय, हातात फुलबाज्या. लोकांना करमणूक, पेशंटला उपयोग शून्य. इतर सगळ्यांचं काहीतरी प्रेमाचं हिरावलं जातं. याची विद्याच खोटी ठरते. आणि फुलबाज्या विझल्यावर डेव्हिड ऑग्डेन स्टायर्सचा चेहरा बघा. मोठ्या माणसाची फजिती या मालिकेत शेकडो वेळा हसण्यावारी नेली, त्याच माणसाची त्याच प्रकारची फजिती इथे हसू येऊ देत नाही. हीच ती गोष्ट जी मला पहिल्या प्रतिसादात नीट सांगता आली नव्हती.

तिरपागडा, रविवार

विंचेस्टर मान्य. पॉटर मान्य. सातांत दोन. पस्तीस टक्क्यांनाही पोचत नाही, नापास.

खमंग_चकली, सोमवार

काल रात्री बघितला एकदाचा. मी 'मॅश'चे आधी चार-पाचच भाग पाहिलेत, तेही आईबरोबर लहानपणी, त्यामुळे कोण कोण हे आठवत नव्हतं. तरी सांगते.

मला क्लिंगरचं सगळ्यात लागलं. बाकीच्यांच्या स्वप्नात निदान काहीतरी घडतं. हा बिचारा आपल्या गावात पोचलाय, रस्ते तेच, दुकानं तीच, माणूस एक नाही. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं बाहेर आहे आणि गावाचं स्वप्न मला असंच पडतं, सगळं जागच्या जागी आणि कुणी नाही. युद्धाशी माझा काडीचा संबंध नाही.

कंटाळा आला का? मधे थोडा आला, बी.जे.च्या नाचात. तिरपागडा अर्धे बरोबर आहेत. पण वगळून पुढे गेले नसते.

आता नवख्या माणसाने कुठल्या क्रमाने बघायचे ते सांगा. अकरा सीझन बसून बघायला मला निवृत्त व्हावं लागेल.

जुनाट_रेडिओ, सोमवार

आधी साधे विनोदी पाच-सात बघ, पहिल्या तीन सीझनमधले कुठलेही. माणसं ओळखीची होऊ देत. मग 'ॲबिसिनिया, हेन्री', मग 'द इंटरव्ह्यू'. नंतर 'पॉइंट ऑफ व्ह्यू': सगळा भाग घशाला जखम झालेल्या सैनिकाच्या डोळ्यांतून, त्याला बोलता येत नाही आणि कॅमेरा म्हणजेच तो. 'लाइफ टाइम' चुकवू नकोस, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं आणि पेशंटकडे वीसेक मिनिटं आहेत. त्यानंतर 'ड्रीम्स' परत बघ, या वेळी पॉटर, विंचेस्टर सगळे ओळखीचे असतील. शेवटचा भाग अगदी शेवटी, अडीच तासांचा आहे, रविवार धर.

डॉ_भूलभुलैया, सोमवार

'लाइफ टाइम'ला अनुमोदन. महाधमनीचा तुकडा मिळायची वाट बघतात ते थिएटरमध्ये बसूनही मला धापा टाकायला लावतं. मात्र नाइट ड्युटीच्या आदल्या दिवशी 'ड्रीम्स' नको. ज्युनियर रेसिडेंटला दाखवला होता, त्याने माझ्याशी दोन दिवस नीट बोलणं केलं नाही.

तिरपागडा, सोमवार

यादीत 'ड्रीम्स' दोनदा आणि पॉटर पहिल्यांदा छावणीत येतो तो भाग एकदाही नाही. चकली, चौथ्या सीझनची सुरुवात बघा आधी. म्हातारा घोड्यावर का जीव टाकतो ते तिथून कळायला लागेल, मग मीही तुमच्याबरोबर त्याच्या स्वप्नापुरता 'ड्रीम्स' बघीन. त्याच्यापुरताच.

खमंग_चकली, सोमवार

ठरलं. सात स्वप्नांतलं एक बघून उठणारा माणूस मला प्रत्यक्ष बघायचाय.